हाडाला त्याचं काम विचारा: सांगाड्यावरून तीन-चार ओळींची कविता कशी लिहावी

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, सुमारे बावीस मीटर लांब. बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलांनी तो आई-बाबांचं बोट धरून नाहीतर शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, आणि मोठेपणी विचारलं तर बहुतेकांना एवढंच आठवतं: केवढा मोठा!

'केवढा मोठा' हे खरं आहे, पण त्यातून कविता निघत नाही. 'शेवटी सगळ्यांचं हेच होणार' यातूनही नाही. सांगाड्यासमोर उभं राहिलं की मनात पहिल्यांदा हीच दोन वाक्यं येतात आणि लिहायला बसलेला माणूस त्यांच्यातच अडकतो. माझं म्हणणं असं आहे की हाड ही मरणाची खूण मानण्याआधी कामाची खूण मानावी. हाडावर जिथे भार पडतो तिथे ते जाड होतं आणि स्नायू जिथे घट्ट धरतो तिथे उंचवटा येतो, खडबडीतपणा येतो. त्या जनावराने आयुष्यभर काय केलं ते आकारात उतरलेलं असतं. तीन ओळींच्या कवितेला एवढं पुरतं.

आधी नीट बघायचं

जाताना छोटी वही आणि पेन्सिल घ्या. म्युझियम कधी बंद असतं आणि फोटो काढू देतात का, हे आधी विचारून घ्या. पण फोटो चालत असले तरी पहिला अर्धा तास मोबाइल पिशवीतच राहू द्या. फोटो काढला की डोळा समाधान मानतो आणि बघणं थांबवतो.

सांगाड्याला एक पूर्ण फेरी मारा, मग एकच हाड निवडा. अख्ख्या देवमाशावर तीन ओळी लिहायला गेलात तर तिन्ही ओळींत विशेषणंच भरतील. एका हाडावर लिहिलंत तर जागा उरते. ते हाड वहीत काढा. चित्र चांगलं यायला हवं असं मुळीच नाही, पण हात फिरला की डोळ्याने गाळलेल्या गोष्टी सापडतात: इथे भोक आहे, इथे कड झिजली आहे, हे टोक त्या खाचेत बसतं.

देवमाशात बघण्यासारखं काय काय आहे ते सांगते, म्हणजे नजर उगाच भिरभिरणार नाही.

पुढचा पर पाहा. बाहेरून तो वल्ह्यासारखा दिसत असे, पण आत दंडाचं एक हाड आहे, मनगटापर्यंतची दोन आहेत आणि पुढे बोटांची हाडं. निळ्या देवमाशाला बोटं चार.

मान पाहा. मणके मोजा: सात. जिराफाच्या मानेत सात, माणसाच्या मानेत सात, देवमाशाच्याही सात. फक्त ते इतके पातळ की मान दिसतच नाही.

जबडा पाहा. खालच्या जबड्याची दोन लांब, वाकलेली हाडं, आणि दात एकही नाही. त्या जागी वरच्या जबड्याला झालरीसारखे पट्टे लोंबत असत, आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचे. ते हाड नव्हे, त्यामुळे नुसत्या सांगाड्यात ते नसतात. हा प्रचंड जीव तोंडात पाणी भरून घेतो, ते झालरीतून बाहेर ढकलतो आणि आत राहिलेले कोळंबीसारखे बारीक जीव गिळतो.

शेपटीचं टोक पाहा. मणके लहान लहान होत जातात आणि संपतात. चित्रातला तो दोन फाकांचा रुंद पंखा कुठे गेला? त्याच्या फाकांत हाड नव्हतंच. पाठीवरच्या परातही नव्हतं.

आणि मागच्या पायांची जागा शोधा. देवमाशाचे पूर्वज चार पायांवर जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते. त्याची खूण म्हणून खुब्याची दोन छोटी हाडं मांसात सुटी राहिली, कण्याला न जोडलेली. म्युझियममधल्या सांगाड्यांत ती कधी वेगळी टांगतात, कधी नसतातही. नसली तर ती मोकळी जागाही लिहिण्याजोगी आहे.

मग तीन प्रश्न

निवडलेल्या हाडाला हे विचारा आणि उत्तरं साध्या गद्यात लिहा. कविता करायची घाई नको.

तू काय करत होतास? उत्तरात क्रियापद हवं. तोलत होतो, ढकलत होतो, गाळत होतो, वळत होतो. 'आधार होतो' हे उत्तर चालवून घेऊ नका, ते कुठल्याही हाडाला लागू पडतं.

तुझ्याभोवती काय होतं जे आता नाही? जीभ, झालर, चरबी, पाणी. पाणी विसरू नका. देवमाशाचं वजन आयुष्यभर पाण्याने पेललेलं असतं. जमिनीवर त्याच्या सांगाड्यालाही टेकू द्यावे लागतात.

माझ्या अंगात तुझ्यासारखं काय आहे? इथे स्वतःच्या अंगाला खरंच हात लावून बघा. मानेच्या मागे, जरा खाली, बोटाला लागणारा उंचवटा म्हणजे सातवा मणका किंवा त्याच्या खालचा. मी तिथे बोट ठेवूनच ही कविता लिहिली:

जिराफाला सात,
देवमाशाला सात.
मी मान वळवते.

यात उपमा नाही, भावना सांगितलेली नाही. दोन माहितीच्या ओळी आणि एक हालचाल. सांगाड्याच्या कवितेला अशी हालचाल फार मानवते, कारण समोरचं सगळं थांबलेलं असतं.

एक कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एकच उदाहरण सावकाश बघू. हाड: पाठीचा कणा, शेपटीकडचा भाग. तिथल्या मणक्यांना वर आणि बाजूंना लांब फाटे आहेत. शेपटी हलवणारे जाडजूड स्नायू त्यांना धरून असत. आता माहितीतली खरी गंमत अशी की मासा पोहताना अंग डावी-उजवीकडे हलवतो आणि देवमासा वर-खाली. का? तो सस्तन आहे. घोडा किंवा कुत्रा भरधाव सुटला की त्याची पाठ वर-खाली वाकते, तीच हालचाल देवमाशाने पाण्यात नेली.

गद्यातली टिपणं अशी झाली: 'माशासारखा दिसतो पण माशासारखा पोहत नाही. कणा वर-खाली वाकतो. पूर्वज जमिनीवर पळत होते. पाय गेले, पळणं राहिलं.'

पहिला खर्डा:

लाखो वर्षांपूर्वी जमीन सोडून
तू समुद्रात शिरलास
पाय गळून गेले तुझे
पण तुझ्या कण्याला अजून आठवतं
ते मोकळ्या रानातलं धावणं

वाईट नाही, पण हे अजून निबंधातलं आहे. 'लाखो वर्षांपूर्वी' हे सांगणं झालं, आणि चूकही: ही गोष्ट सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची. 'आठवतं' हे क्रियापद तर जपूनच वापरावं. वस्तूला आठवण चिकटवली की कविता हळवी होते आणि वाचकाला करायला काही उरत नाही. 'मोकळं रान' आपण पाहिलेलं नाही, ते शोभेला आलं आहे.

दुसरा खर्डा:

पाय नाहीत.
कणा तरी वर-खाली, वर-खाली.
माशाला हे जमत नाही.

इथे हाड आलं, हालचालही आली. पण तिसरी ओळ तुलना करते आणि वाचकाला वर्गात बसवते. पहिली ओळही काढून पाहिली, कारण धावण्याचा शब्द मिळाला तर पाय आपोआप येतील. धावण्याला मराठीत कितीतरी शब्द आहेत: पळणं, दौडणं, भरधाव, चौखूर. शेवटच्या शब्दात खूरच आहेत. तिथे थांबले.

शेपटी वर, खाली,
वर, खाली:
पाण्यात अजून चौखूर.

पूर्वज, उत्क्रांती, काळ, आठवण हे सगळं काढून टाकलं तरी अर्थ गेला नाही, तो 'अजून' आणि 'चौखूर' या दोन शब्दांत बसला. खर्डा कापताना हेच तपासत राहायचं: काढलेल्या ओळीचं काम उरलेल्यातला एखादा शब्द करतो का? करत असेल तर ती ओळ गेलेली बरी. करत नसेल तर ती परत घ्या. लहान कविता म्हणजे कमी शब्द एवढंच नव्हे. गरजेचा शब्द कापून तुटक ओळी ठेवल्या की वाचकापुढे फक्त कोडं उरतं.

काळाकडेही लक्ष द्या. या कवितेत भूतकाळ नाही. सांगाड्यावर लिहिताना 'होता', 'होती' आपसूक येतात आणि प्रत्येक कविता श्रद्धांजली होऊन बसते. वर्तमानकाळात लिहून बघा, हाड पुन्हा कामाला लागतं.

साचा कोणता घ्यावा

साच्याशिवाय लिहिलं तरी चालतं, पण नवशिक्याला साचा मदत करतो, कारण मग शब्द निवडावे लागतात. म्युझियमची इमारत १८९४ साली लोकांसाठी खुली झाली आणि त्याच साली माधव जूलियन बडोद्यात जन्मले. मराठी छंदांचा इतका बारकाईने विचार केलेल्या माणसाच्या गावात अक्षरं मोजायला लाजू नये.

मोजायची रीत सोपी आहे. जोडाक्षर एकच धरायचं. 'वल्ह्याच्या' म्हणजे व, ल्ह्या, च्या: तीन. ऱ्हस्व-दीर्घ इथे बघायचं नाही.

पाच-सात-पाच अक्षरांचा हायकू:

वल्ह्याच्या आत
चार बोटांची हाडं:
मूठ नाहीच.

मराठी हायकूत ही संख्या सगळेच पाळत नाहीत. मी तिचा उपयोग चाळणीसारखा करते. मधल्या ओळीत आधी 'लपलेली चार बोटं' होतं, त्यात आठ अक्षरं झाली म्हणून 'लपलेली' गेलं. जायलाच हवं होतं, पहिल्या ओळीतल्या 'आत'ने ते सांगितलेलंच होतं.

अभंगाचा साचा अनेकांना सुचत नाही, पण मला तो सांगाड्यासाठी फार जवळचा वाटतो. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक:

बरगड्यांमध्ये । वारा येई जाई ।
श्वास मात्र नाही । कोणाचाच ॥

शेवटचा चार अक्षरांचा चरण तोकडा असल्याने आवाज तिथे अचानक थांबतो. बरगड्यांच्या रिकामेपणाला तो थांबा शोभतो. सावधगिरी एकच: अभंगाची चाल कानात इतकी मुरलेली असते की तिच्या मागून कुडी, आत्मा, पैलतीर असे शब्द न बोलावता येतात. आले की वाट दाखवा.

चारोळी टाळा असं मी म्हणेन. चौथ्या ओळीत टाळी घेण्याची सवय तिला लागली आहे आणि हाडाला टाळी नको असते.

शीर्षक

एवढ्या लहान कवितेत शीर्षक ही फुकट मिळालेली ओळ असते. प्राण्याचं किंवा हाडाचं नाव तिथे ठेवा, आत पुन्हा आणू नका. उदाहरणार्थ, शीर्षक 'साप' आणि कविता एवढीच:

बरगडी, बरगडी, बरगडी, बरगडी,
मग शेपूट.

'शून्य', 'अवशेष', 'अंतिम सत्य' अशी शीर्षकं देऊ नका. ती कविता वाचण्याआधीच संपवतात.

सहज येणारे शब्द आणि उपमा

बरगड्या पाहून होडी, पिंजरा, देवळाची कमान सुचते. सगळ्यांना सुचते. वहीच्या मागच्या पानावर या उपमा लिहून मोकळे व्हा, म्हणजे त्या पुन्हा पुन्हा दार वाजवणार नाहीत. 'ताठ कणा' म्हणजे स्वाभिमान, 'हाडाचा कवी', 'हाडाची काडं' हे भाषेतले पक्के वाक्प्रचार आहेत, बोलताना छान. हाडासमोर उभं राहून मात्र ते वापरले की समोरचं हाड दिसेनासं होतं.

मृत्यू, नश्वर, माती, काळ, अनंत हे शब्द महिनाभर न वापरण्याचा नेम करून बघा. सांगाडा समोर असताना मरण सांगावं लागत नाही.

मही नदीला इकडे महीसागरही म्हणतात. त्यावरून ओळ सुचते: 'नावातला सागर बघून आत आला असेल.' गोड आहे, पण या ओळीला देवमाशाचं एकही हाड लागत नाही. कुठलाही मासा, कुठलीही होडी तिथे चालली असती. अशा ओळी वेगळ्या जपून ठेवाव्यात, नदीवरच्या कवितेत त्यांना जागा मिळेल.

म्युझियमला जाता येत नसेल तर

घरात मासे होत असतील तर सुरमईचा एक मणका बाजूला काढा. मांस काढून कोमट पाण्यात थोडा साबण घालून रात्रभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा. उकळू नका आणि ब्लीच घालू नका, हाड भुगभुगीत होतं. वाळल्यावर खिडकीशी नेऊन पाहा: मणक्याची दोन्ही तोंडं वाटीसारखी खोल असतात आणि वाटीच्या आत बारीक वर्तुळं दिसतात. माशाचं वय काढायला अभ्यासक अशीच वर्तुळं मोजतात. एका मणक्यावर आठवडाभर रोज तीन ओळी लिहिता येतील.

कोंबडीच्या छातीचं हाड घ्या, मधला उभा पाता पाहा. उडण्याचे स्नायू त्यालाच धरतात. कोंबडी फारशी उडत नाही आणि तरी तो पाता आहे. एवढ्यावर कविता उभी राहते.

शाकाहारी घरात कपाटावर जुने एक्स-रे असतातच. आजीच्या गुडघ्याचा, धाकट्याच्या मोडलेल्या मनगटाचा. ज्यांचा आहे त्यांना विचारून तो खिडकीच्या काचेवर लावा. माणूसही प्राणीच आहे, आणि इथे तर हाडाचा मालक चहा पीत शेजारी बसलेला असतो, त्यालाच तिन्ही प्रश्न विचारता येतात.

रानात, नदीकाठी पडलेली हाडं, दात, शिंगं मात्र उचलून आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली कित्येक प्राण्यांचे अवयव बाळगणं गुन्हा आहे. शिवाय बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठावर सांगाडा शोधत फिरू नये, तिथे मगरी राहतात.

इतर प्राणी, थोडक्यात

हत्तीच्या कवटीत मधोमध मोठं भोक दिसतं. ते डोळ्याचं नसून नाकाचं, आणि सोंडेत हाड नाही. कासवाचे खांदे त्याच्या बरगड्यांच्या आत असतात, असं दुसऱ्या कुठल्याही पाठकण्याच्या प्राण्यात नाही. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटं, तो हाताने उडतो. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि उभ्यानेच डुलकी काढतो:

एकेका बोटावर
झोपलेला
घोडा.

कासवाचं मी तुमच्यासाठी सोडते.

शेवटची तपासणी

कविता झाली की माहिती पुन्हा तपासा. लहान कवितेत एकच गोष्ट सांगितलेली असते, ती चुकली तर सगळंच गेलं. देवमाशाच्या जबड्यावर अशी ओळ पटकन सुचते:

एवढा जबडा.
दात एकही नाही.
भूक कोळंबीएवढी.

ऐकायला छान, पण खोटी. निळा देवमासा दिवसाला कित्येक टन खातो. लहान आहेत ते त्याचं भक्ष्य, भूक नाही. तिसरी ओळ बदलताना पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे जायचं: हा जबडा काय करतो?

एवढा जबडा.
दात एकही नाही.
समुद्र गाळतो.

खरं सांगितल्याने कविता मोठी झाली. असं नेहमी होतं, निदान सांगाड्यांच्या बाबतीत. शंका असेल तर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, असे प्रश्न त्यांना आवडतात.

मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तिथे जोडाक्षरांची गर्दी झाली आहे का ते बघा. 'पृष्ठवंशीय अस्थिसंस्था' कवितेत नको, 'पाठीची हाडं' म्हणा. 'अस्थी' शब्दाने नदी, कलश आणि दहावा दिवस डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे तो हवा असेल तेव्हाच घ्या.

शेवटी कविता अशा माणसाला ऐकवा ज्याने तो सांगाडा पाहिलेला नाही, आणि शीर्षक सांगू नका. 'आवडली का?' असं विचारू नका. विचारा, 'शरीराचा कुठला भाग डोळ्यांपुढे आला?' त्याने मान, पर, जबडा असं काही नेमकं सांगितलं तर कविता वहीत उतरवा, खाली तारीख आणि हाडाचं नाव लिहा. 'काहीतरी खोल होतं' असं उत्तर आलं तर पेन्सिल घेऊन परत त्या हाडापाशी जा.